एक खोका कमी

आमच्या आत्याला आवाज दोन. एक दवाखान्यातला, एक घरातला. दवाखान्यातला कडक इस्त्रीचा. "मान मागे. वर बघा. मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. तपासणीच्या आधी लोकांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घालायचं आणि त्यांना बाकावर ओळीने बसवायचं, हे तिचं काम. कुणी एक डोळा किलकिला करून मोबाइल बघायला गेलं, तर तिची पाठ असली तरी तिला कळतं. "खिडकीजवळचे काका, मिटा." आणि ते काका, मग ते कुठल्या का कचेरीतले मोठे साहेब असेनात, पोरासारखे डोळे मिटतात.

घरातला आवाज मात्र चुरगळलेला. तो आधी उसासा टाकतो, मग बोलतो. "हं... चहा ठेवलाय का कुणी, का मी ठेवू? मीच ठेवते."

मला दोन्ही काढता येतात. घरातल्या सगळ्यांचेच येतात. आईचा आवाज "मी काही बोलत नाही" इथून सुरू होतो आणि मग भाजी शिजेपर्यंत थांबत नाही. बाबांचा सगळ्यांत सोपा. दोनदा खाकरायचं, "त्याचं काय झालं" म्हणायचं, की पुढे काहीही बोललं तरी बाबाच बोलताहेत असं वाटतं.

एकच आवाज येत नाही. धाकट्या काकाचा. बाबा आणि आत्या यांचा हा शेंडेफळ भाऊ माझ्या जन्माआधीच गेला. त्याचे फोटो आहेत, पण फोटोतली माणसं तोंड मिटून उभी असतात. त्याच्या बोलण्याचं जे काही उरलंय ते एका कॉम्प्युटरच्या खेळात आहे.

खेळ अगदी जुना आणि साधा. पडद्यावर एक गोदाम, त्यात टोपीवाला हमाल, चार-सहा खोके आणि जमिनीवर तेवढ्याच फुल्या. हमालाने खोके ढकलत फुल्यांवर न्यायचे. ढकलता येतं, ओढता येत नाही. खोका एकदा कोपऱ्यात शिरला की तो तिथलाच झाला, मग पहिल्यापासून सुरुवात. या खेळात आपलं गोदाम आपण बांधायचीही सोय होती. भिंती घाला, फुल्या मारा, खोके ठेवा, नाव द्या. काका कॉलेज बुडवून हेच करत बसायचा. दिवसभर गोदाम बांधायचा आणि संध्याकाळी आत्या दवाखान्यातून आली की तिला धड चपलाही काढू न देता खुर्चीवर बसवायचा.

नियम पक्का. बांधायचं त्याने, सोडवायचं तिने. ती खेळत असताना तो मागे उभा राहणार, पण कीबोर्डला बोट लावणार नाही. आणि गोदाम बांधायचं पान तिने कधी उघडायचं नाही, नुसतं बघायलाही नाही.

त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी नावं दिली आहेत. पहिलं 'ताईला जमणार नाही'. त्याच्याखाली 'जमलं, पण उशिरा'. मग 'डावीकडे बघ, बावळट'. मग 'दादाला सांगू नको'. मग 'रडायचं असेल तर बाहेर जा'. अशी लांबलचक यादी. मी ती एकदा मोठ्याने वाचून दाखवली, काका असाच बोलत असेल असं धरून, अगदी नाटकातल्या खट्याळ पोरासारखी. आत्या ऐकत होती.

"इतका चढा नाही गं," ती म्हणाली. "तो हळू चिडवायचा. म्हणायचा, मोठ्याने चिडवलं तर माणूस चिडतो, हळू चिडवलं तर जळतो."

मी हळू वाचून बघितलं.

"हं... नाही. राहू दे."

यादीतल्या शेवटच्या गोदामाला काकाने दिलेलं नाव नाही. तिथे खेळाने आपलं आपण लिहिलंय, 'नाव नसलेले'. त्याचं कारण आत्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला ते फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. काकाला ताप होता. तापातच तो हे गोदाम बांधत बसला होता. दुपारी बाबा रिक्षा घेऊन आले, त्याला दवाखान्यात न्यायला. दारात चपला घालताना तो आत्याला म्हणाला, "ताई, एक खोका राहिलाय. आल्यावर ठेवतो. तोवर हात लावू नकोस." ताप मेंदूत गेला. तो आला नाही.

आत्याने हात लावला नाही. म्हणजे खोका ठेवला नाही. खेळत मात्र राहिली. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन ती माडीवरच्या खोलीत जायची, 'नाव नसलेले' उघडायची, आणि आहेत ते सहा खोके सावकाश एकेका फुलीवर नेऊन ठेवायची. सातवी फुली रिकामी राहायची. तिच्याकडे बघत चहा संपवायची आणि बंद करून खाली यायची. झाडांना पाणी घालून यावं तशी.

आम्हाला वाटायचं, तिला सुटत नाही. ती लग्नाच्या वयाची असताना कुणी विषय काढला की म्हणायची, "आधी हे कोडं सुटू दे." त्यावर घरात पुष्कळ हसणं व्हायचं म्हणे. मग हसणं कमी झालं, आणि पुढे कुणी विषयच काढेना. बाबा मात्र अधूनमधून टोमणा मारायचे.

"त्याचं काय झालं, एवढी वर्षं एकच कोडं? डोळ्यांच्या दवाखान्यात आहेस ना, एकदा स्वतःचे तपासून घे."

"हं... अवघड आहे रे, दादा."

आता जुना खेळ नव्या मशीनवर चालतो कसा, तर नकलेवर. ज्या मशीनवर काका बसायचा ते कधीच भंगारात गेलं. पण एम्युलेटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो नव्या मशीनच्या पोटात बसून जुन्या मशीनची नक्कल करतो. तसंच रेंगाळत चालायचं, तसेच मोजके रंग, तसंच नाकातून 'पीं' वाजवायचं. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. थोडक्यात, माझाच जातभाई. फरक एवढाच की माझी नक्कल फसली तर लोक हसतात. त्याची फसली की चौकट काळी पडते आणि धाडकन बंद होते.

हा नकलाकार आमच्या घरी आणला स्क्रूकाकांनी. ते काही नात्यातले नाहीत. चावीवाला आणि शिंपी यांच्या मधल्या फटीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काम करताना स्क्रू ओठांत धरतात, म्हणून हे नाव. ओठ मिटता येत नसल्यामुळे प, ब, म ही अक्षरं त्यांच्या वाट्याला येत नाहीत. "काय इघडलंय? आहेर ठेवा, अघतो." म्हणजे 'काय बिघडलंय, बाहेर ठेवा, बघतो'. त्यांची एक खोड सगळ्या गल्लीला माहीत. वस्तू पूर्ण चालवून बघितल्याशिवाय परत द्यायची नाही. प्रिंटर असेल तर त्यातला कागद संपेपर्यंत छापणार. रेडिओ असेल तर बातम्या हवामानासकट ऐकणार. शिंप्याच्या पोराच्या खेळातला राक्षस यांच्या हातून मरेना, तोपर्यंत पोराला मशीन मिळालं नव्हतं. शिंपी म्हणायचा, "अहो, पोरगं पास व्हायची वाट मी बघतोच आहे, आता तुम्ही पास व्हायचीही वाट बघायची का?"

तर, मशीन अधूनमधून विचारायचं की नवी सिस्टीम आलीय, अपग्रेड करू का. आत्या दर वेळी 'नंतर आठवण करा' दाबायची. स्क्रूकाकांनीच तिला बजावलं होतं, जुन्या गोष्टी ठेवायच्या असतील तर हात लावू नका. एक दिवस बाबा काहीतरी छापून घ्यायला वर गेले आणि 'हो' म्हणून आले.

संध्याकाळी आत्या चहा घेऊन वर गेली आणि भरलेला कप तसाच घेऊन खाली आली.

"दादा, मशीनला काय केलंस?"

बाबा खाकरले. दोनदा. "त्याचं काय झालं, ते सारखं विचारत होतं. करू का, करू का. दारात पाहुणा उभा आहे आणि कुणी आत ये म्हणत नाही, असं वाटलं मला. म्हटलं, हो बाबा, ये."

"मी त्याला रोज नाही म्हणते."

"नाही कुठे म्हणतेस? नंतर म्हणतेस. नंतर म्हणजे कधीतरी हो."

कपावर साय धरली होती, ती आत्या बोटाने बाजूला करत राहिली.

स्क्रूकाका आले, बघून म्हणाले, जुना नकलाकार नव्या सिस्टीममध्ये उभाच राहत नाही, नवा घालावा लागेल. घातला. यादी आली, 'पीं' वाजलं, 'ताईला जमणार नाही' उघडलं, हमाल चालला. बाबांनी टाळी द्यायला हात वर केला. आत्याने थेट शेवटचं गोदाम उघडलं. चौकट काळी पडली आणि बंद झाली. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. बाबांचा हात वरच राहिला.

मशीन दुकानात गेलं. दवाखान्यातून येताना आत्या रोज दुकानापाशी थांबायची, आजारी माणसाला भेटायला थांबावं तशी. मी कधी क्लासहून परतताना तिला तिथे गाठायचे, म्हणून हे संवाद माझ्याकडे आहेत.

"काय म्हणतोय?"

"एका वेळी एकच गोष्ट अदलायची, ताई," स्क्रूकाका म्हणायचे, आणि मग ओठांतले स्क्रू काढून पुन्हा नीट सांगायचे. "आज आवाज बंद करून बघितला. काल रंग. परवा वेग कमी केला. फोल्डरची परवानगीही देऊन झाली. पडतोच आहे. आणि गंमत बघा, बाकीची सगळी चालतात. ते 'बावळट'वालं तर लोण्यासारखं चालतंय."

"हे चालायला हवं."

"एवढी चालतायत की."

"एवढी नकोत मला. हे एक हवं. होतं तसं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. दवाखान्यातला आवाज होता तो. त्या आवाजाला कुणी 'का' विचारत नाही, आणि आत्याला आपणहून सांगायची सवय नाही. दोघांपैकी एकाने एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं. पण ती पडली अबोल आणि त्यांच्या तोंडात स्क्रू.

सुट्टीच्या दिवशी सकाळी स्क्रूकाका मशीन कडेवर घेऊन आले. चेहरा असा, जसं काही बाळच आणलंय. वर नेऊन जोडलं. आम्ही सगळे मागे उभे. आई म्हणाली, "मी काही बोलत नाही, पण एवढ्याशा खेळासाठी—" आणि बाबांनी तिला गप्प केलं, हेही नवलच.

"सापडलं," स्क्रूकाका म्हणाले. ओठ मोकळे होते, त्यामुळे प, ब, म सगळी अक्षरं उड्या मारत होती. "बघा, या गोदामात फुल्या सात आणि खोके सहा. खेळ सातवा खोका शोधायला जातो. तिथं काहीच नाही. जुना नकलाकार होता प्रेमळ. तो म्हणायचा, नाही तर नाही, चल पुढे. नवा आहे प्रामाणिक. रिकाम्या जागी जो काही केरकचरा पडलेला सापडेल, तो आणून खेळाच्या हातात देतो. खेळ गांगरतो आणि पडतो. मागे कधीतरी कॉपी करताना एक खोका उडाला असणार. मी तो परत ठेवला. आणि पूर्ण चालवून बघितलं. सुटलं! मग सुटल्याची खूण तेवढी पुसून ठेवली. तो मान तुमचा, ताई."

त्यांनी गोदाम उघडलं. काळं पडलं नाही. भिंती आल्या, फुल्या आल्या, टोपीवाला हमाल आला. खोके सात.

आत्या वाकली. सातव्या खोक्यावर, काचेवर, तिने बोट ठेवलं.

"हा कुणी ठेवला?"

हा तिचा तिसरा आवाज होता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"मी," स्क्रूकाका म्हणाले. "हाच तर गेला होता."

"गेला नव्हता. ठेवायचा राहिला होता."

मग तिने सांगितलं. दारातल्या चपला, एक खोका राहिलाय, आल्यावर ठेवतो. सगळं मिळून चार वाक्यं असतील. बाबा त्या दुपारी रिक्षापाशी उभे होते, घाई कर म्हणून ओरडत होते. त्यांना हे माहीत नव्हतं. ते आता भिंतीला टेकले. "त्याचं काय झालं..." ते म्हणाले, आणि पुढे काहीच आलं नाही. त्या शब्दांनंतर काहीच न येण्याची ही पहिली वेळ.

स्क्रूकाकांच्या ओठांत एकही स्क्रू नव्हता, तरी त्यांना बोलता येईना. शेवटी म्हणाले, "काढतो मी तो. आत्ता काढतो."

"काढला तर?"

"तर..." त्यांनी मान खाली घातली. "तर उघडणार नाही. बाकी सगळं राहील. हे उघडणार नाही."

"जुना नकलाकार?"

"त्याला लागणारी जुनी सिस्टीम असलेलं मशीन मिळतंय का बघतो. शोधतो, ताई. भंगारवाल्यांकडे सांगून ठेवतो."

"नको." आत्या खुर्चीवर बसली. "आता काय. काढलेला खोका आणि न ठेवलेला खोका, एकच का?"

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं." तिने उसासा टाकला, घरातला. पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, "इथेच का ठेवलात?"

स्क्रूकाका जरा पुढे सरकले. कामाचं विचारल्यावर त्यांना श्वास घेता आला. "दुसरी जागाच नाही. ही भिंत बघा, उगाच एक चौकोन आत घेतल्यासारखी वाटते. आधी मला वाटलं, बांधणाऱ्याची चूक. पण खोका इथे असला तरच ती भिंत कामाची. आणखी कुठेही ठेवला की अडकतो, मी सगळीकडे ठेवून बघितला. ज्याने ही भिंत घातली, त्याने खोक्याची जागा तेव्हाच मनात धरली होती."

"म्हणजे ठरलं होतं त्याचं."

"ठरलं होतं."

"नुसता ठेवायचा राहिला."

"नुसता ठेवायचा."

आईने न बोलता चहा आणला. स्क्रूकाकांनी घेतला नाही. जाताना त्यांचा पेचकस टेबलावरच राहिला आणि तो मागायलाही ते कधी आले नाहीत.

त्यानंतर आत्या वर जाईना. दवाखान्यातून आली की भाजी निवडायची, निवडलेली पुन्हा निवडायची. बाबा तिच्यासमोर पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत.

मग एका संध्याकाळी माडीवरून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मी वर गेले आणि खुर्चीच्या मागे उभी राहिले. तिला कळलं. मी कीबोर्डपासून हात लांब ठेवले होते, पाठीमागे बांधून. नियम तो नियम.

नेहमीचे सहा खोके तिला पाठ होते. पण आता सातवा वाटेत यायचा, आणि सहांच्या सगळ्या वाटा बदलल्या होत्या. ती अडकली. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अडकली. ती आत घेतलेली भिंत दर वेळी आडवी यायची.

"मेला," ती हसून म्हणाली, जशा बहिणी म्हणतात, "काय अवघड करून ठेवलंय..." आणि तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या कानावर पडला होता. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे गोळा करत होतं, एकेक चादर झटकून.

थोड्या वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली. आता हळू. तिने सातवा खोका आधी बाजूला काढला, त्या भिंतीच्या आत दडवला, सहांना वाट करून दिली, आणि मग परत येऊन त्याला बाहेर काढला. भिंत त्यासाठीच होती. शेवटच्या फुलीच्या अलीकडे खोका थांबला. एक पाऊल.

ती थांबली. चहा निवून गेला होता, तो तिने एका घोटात संपवला. आणि ढकलला.

'पीं' वाजलं. हमालाने टोपी उडवून झेलली. यादी परत आली, 'नाव नसलेले'च्या पुढे खूण झाली होती. त्याच्या खाली काही नव्हतं. नुसती काळी पाटी, तळापर्यंत.

आत्या त्या काळ्या पाटीकडे बघत म्हणाली, "जमलं, पण उशिरा."

तो तिचा आवाज नव्हता. दवाखान्यातला नाही, घरातला नाही, परवाचा तिसराही नाही. खालच्या पट्टीतला, सावकाश, शेवटच्या शब्दाला किंचित ओढणारा, हसू गालात धरलेल्या मुलाचा आवाज. नक्कल कधी न करणाऱ्या माणसाने केलेली. मी तो नंतर आरशासमोर पुष्कळदा काढून बघितला. जमत नाही.

मग तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. उघडा म्हणून सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मी खाली आले.

काही दिवसांनी बाबा वर कशाला तरी गेले आणि जिन्यातूनच हाक मारली. त्या प्रसंगानंतर ते मशीनपासून हातभर लांब उभे राहतात.

"विचारतंय गं ते! पुन्हा काहीतरी नवीन आलंय म्हणे. करू का म्हणतंय. मी हात लावलेला नाही, बरं का."

आत्या खाली शेंगा सोलत होती.

"हो म्हण."

"काय?"

"हो म्हण, दादा."

"बघ हं. नंतर म्हणू का? नंतरचं बटण आहे इथे."

"नको. आता काय राहिलंय त्यात. हो म्हण."

वर बाबा दोनदा खाकरले. मग बटण दाबल्याचा बारीक आवाज आला.

त्यानंतर तो खेळ उघडतो की पडतो, हे कुणी बघितलेलं नाही. संध्याकाळी आत्या हातपाय धुते, चहा ओतते आणि कप घेऊन जिन्यापर्यंत जाते. मग तिच्या लक्षात येतं, आणि ती तिथेच पायरीवर बसून चहा पिते.